यादीतला शेवटचा रकाना



नौपाड्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आता एकामागून एक उतरविल्या जात आहेत. सायंकाळी गोखले मार्गावरून राममारुती मार्गाकडे फिरावयास निघालो, की हिरव्या जाळीने झाकलेली एखादी तरी इमारत दृष्टीस पडतेच. गेल्या दिवाळीनंतर ही पाळी आमच्या सोसायटीवर आली. पुनर्विकासाचा करारनामा झाला, भाड्याच्या जागेची तजवीज झाली आणि ३१ मार्चपूर्वी घर रिकामे करून किल्ल्या सुपूर्द कराव्यात, असे पत्र हाती पडले. ज्याने उभा जन्म ३१ मार्च या तारखेच्या धास्तीत काढला, त्या बँक अधिकाऱ्याला निवृत्तीनंतरही नेमकी तीच तारीख मिळावी, या योगायोगाचे मला हसू आले.

हसू फार काळ टिकले नाही. आमच्या सूनबाई गृहसजावटीच्या व्यवसायात आहेत. नव्या घराचा आराखडा त्यांनी मोठ्या कष्टाने तयार केला आणि एका रविवारी सर्वांसमोर मांडला. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, नातवाची अभ्यासाची जागा, सौ.चे पूजेचे कपाट, सारे काही त्यात होते. माझ्या वडिलांचे मेज मात्र कोठेही नव्हते.

हे मेज म्हणजे काही मौल्यवान वस्तू नव्हे. सांगलीच्या आमच्या धान्याच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसून हिशेब लिहिण्यासाठी वडील ते वापरीत. उतरते झाकण, आत दोन कप्पे, शाईचे डाग पडलेले सागवान. दुकान बंद झाल्यावर ते ठाण्यास आले आणि गेली कित्येक वर्षे पलंगाखाली पडून होते.

मी विचारले तेव्हा चिरंजीव सहज म्हणाले, "बाबा, त्याच्यापुढे बसून आता कोण लिहिणार? तुम्ही स्वतः शेवटचं कधी उघडलंत?"

प्रश्न रास्त होता. दहा वर्षांत मी ते उघडले नव्हते. उत्तर नसले की माणूस रागावतो किंवा गप्प बसतो. मी गप्प बसलो. तीन दिवस घरात चमचा पडल्याचा आवाजही मोठा वाटत होता. चौथ्या दिवशी सूनबाईंनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, "बाबा, आराखडा पक्का करण्याआधी आपण सगळे मिळून एक घर बघून येऊ. मला कामासाठी ते पुन्हा बघायचंच आहे. सासवण्याला जायचं."

अलिबाग तालुक्यातील सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचे गाव. त्यांचे तेथील राहते घर आता शिल्पालय म्हणून ओळखले जाते. संगमरवरी प्रासादात राहणारा मनुष्य फार तर पैशाचा उपयोग कसा करावा हे शिकवील. एका शिल्पकाराच्या गावाकडील घरावरून आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या सदनिकेने काय शिकावे, अशी शंका माझ्या मनात होती. तरी मी होकार दिला. तीन दिवसांचे मौन मोडावयास काही निमित्त हवेच होते.

जानेवारीतील एका शनिवारी पहाटे ठाण्याहून निघालो. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह मांडव्यास नेणारी रो-रो बोट आता सोयीची झाली आहे. तासाभरात पलीकडचा किनारा येतो. मांडव्याहून अलिबागच्या रस्त्याला लागले, की नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून थोड्याच वेळात सासवणे येते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा आमच्या घरातला नेम असल्याने सौ.ने दशम्या आणि चटणी बरोबर घेतली होती.

करमरकरांची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. त्यांचा जन्म १८९१ सालचा, याच गावातला. लहानपणी त्यांनी गावातील देवळाच्या भिंतीवर शिवछत्रपतींचे चित्र काढले होते. ऑटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस ते पडले आणि त्याने या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्याची वाट मोकळी करून दिली. पुढे कलकत्त्यास टागोर कुटुंबाच्या सहवासात त्यांनी स्टुडिओ थाटला, लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण घेतले आणि परतल्यावर हिंदुस्थानातील अग्रगण्य शिल्पकारांत त्यांची गणना होऊ लागली. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील छत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचाच. १९२८ साली त्याचे अनावरण झाले. एवढा प्रचंड पुतळा तुकड्यातुकड्यांनी न जोडता माझगाव गोदीत एकसंध ओतण्यात आला, ही त्या काळातील मोठी करामत होती. देवळाच्या भिंतीवर ज्यांचे चित्र काढले, त्यांनाच या मुलाने पुढे ब्राँझमध्ये उभे केले. त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर कुटुंबीयांनी ते घर व आतील शिल्पे जपली आणि लोकांसाठी खुली ठेवली.

आवारात शिरताच नातू थबकला. "आजोबा, म्हैस!" खरोखरच क्षणभर मलाही ती जिवंत वाटली. जवळ गेल्यावर कळले, की ती सिमेंटची आहे.

सिमेंटची ही गोष्ट मला सर्वांत विशेष वाटली. ब्राँझला पैसा लागतो, भट्टी लागते आणि बहुधा एखादे गिऱ्हाईकही लागते. सिमेंट मात्र कोणत्याही गावात मिळते. मातीत आकृती घडवायची, तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, आतली माती काढून टाकायची, लोखंडी सळ्यांचा सांगाडा बसवून त्यात सिमेंट व वाळू भरायची आणि ते पक्के झाल्यावर साचा अलगद छिनून काढायचा, असा साधारण क्रम असतो. साचा फुटतो, मूर्ती उरते. पावसात टिकणारे हे स्वस्त माध्यम करमरकरांनी कमीपणाचे मानले नाही. धनिकांचे आणि पुढाऱ्यांचे पुतळे मागणीनुसार करणाऱ्या या कलावंताने गावातील माणसे आणि जनावरे याच साध्या द्रव्यात घडविली. तेथील 'मत्स्यगंधा' ही आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी समाजातील तरुणी आहे. 'शंखध्वनी'मधील शंख फुंकणाऱ्या स्त्रीच्या गळ्यातील आणि गालांतील ताण पाहताना आपलाही श्वास रोखला जातो.

सूनबाई वही उघडून काहीतरी टिपत होत्या. मी जवळ जाऊन विचारले, "यातून आपल्या घराला काय मिळणार?"

त्यांनी मला एका शिल्पासमोर उभे केले. खिडकीचा उजेड बाजूने येत होता. "हा उजेड बाजूने येतोय म्हणून गाल, हनुवटी, बोटं उठून दिसताहेत," त्या म्हणाल्या. "डोक्यावरून दिवा सोडला, तर सगळं सपाट होईल किंवा डोळ्यांखाली काळोख पडेल. आपण नव्या घरात छतभर दिवे लावणार होतो ना, ते मी कमी करते. भिंतीवर, बाजूला लावू."

मग त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखविल्या. कोणतीही वस्तू मांडताना तिच्याभोवती मोकळी जागा ठेवली, तरच ती दिसते. कपाटात दाटीने भरली, की केवळ साठवली जाते. आणि सिमेंटला संगमरवराचे सोंग दिले नाही, तर तेही देखणे दिसते. आमच्या नव्या बैठकीत संगमरवराचा भास देणारा चकचकीत पत्रा भिंतीला लावावयाचा घाट होता. त्यावर सूनबाईंनी तेथेच काट मारली. बचत किती, हे मी मनातल्या मनात मांडून पाहिले. जन्माची सवय.

संग्रहालयाच्या इमारतीत मांडलेले शिल्प आणि कलावंताच्या घरातले शिल्प यांत हाच फरक असावा. पहिल्या ठिकाणी आपण कृती पाहतो. दुसऱ्या ठिकाणी, ज्याने ती केली तो कशाच्या सोबतीने राहत होता, हेही दिसते. कोल्हापुरात राजारामपुरीत चित्रपट अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचे घरही असेच चित्रांसह संग्रहालय झाले आहे. तिकडील वाचकांनी ते आवर्जून पाहावे.

परतीच्या बोटीवर सूनबाईंनी आणखी एका घराची गोष्ट सांगितली आणि तीच माझ्या मनात रुतून बसली. हॉलंडमधील थोर चित्रकार रेम्ब्राँ याने १६३९ साली ॲम्स्टरडॅम शहरात तेरा हजार गिल्डरना एक मोठे घर घेतले. किंमत त्याला पूर्ण फेडता आली नाही. कर्ज वाढत गेले आणि १६५६ मध्ये त्याला दिवाळखोरी पत्करावी लागली. न्यायालयाच्या लोकांनी घरात येऊन खोलीवार यादी केली. तीत ३६३ नोंदी आहेत. चित्रे आली, खुर्च्या आल्या, शंख-शिंपले आले, प्लास्टरचे ओतीव नमुने आले. फार काय, धुण्यासाठी बाहेर गेलेले सदरे आणि हातरुमालही आले. वस्तूंचा लिलाव झाला, पुढे घरही विकले गेले. १९११ साली त्या घराचे संग्रहालय झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते घर रेम्ब्राँच्या काळात होते तसे पुन्हा सजविण्याचे ठरले, तेव्हा कोणत्या खोलीत काय होते हे सांगणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार कोण, तर हीच दिवाळखोरीची यादी!

सर्वांना गंमत वाटली. मी मात्र समुद्राकडे तोंड करून बसलो. कारण अशी एक यादी मीही केली होती.

वर्ष १९८६. नोकरीला तीन-चार वर्षे झाली होती आणि कोकणातील एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. तेथील एका गणपतीच्या मूर्तिकाराने शाडू, रंग व कच्च्या मालासाठी पंधरा हजारांचे कर्ज घेतले होते. त्या वर्षी अतिवृष्टीत त्याच्या शेडमध्ये पाणी शिरले आणि वाळत ठेवलेल्या मूर्तींचा चिखल झाला. हप्ते थकले. त्याने मुदत वाढवून मागितली. नजरगहाण मालाची तपासणी करून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले.

मी छत्री घेऊन गेलो, छापील तक्ता गुडघ्यावर ठेवला आणि नोंदी करू लागलो. वस्तू, नग, स्थिती, विक्रीमूल्य. शाडूची पोती भिजलेली, मूल्य शून्य. रंगाचे डबे चार. मूल्य चाळीस रुपये. भिंतीला लागून फळ्यांवर प्लास्टरचे साचे रचलेले होते, पाणी चढले होते त्याच्या वर, सुखरूप. काही त्याच्या वडिलांनी केलेले, काही आजोबांच्या हातचे. मी लिहिले : 'साचे, जुने, अंदाजे नव्वद, मूल्य शून्य.'

तो मनुष्य बाजूला उभा राहून वाचत होता. म्हणाला, "साहेब, बाकी काय हवं ते लिवा. पन साच्यांना शून्य नका लिवू. त्येच्यावर तर पुढल्या साली उभा ऱ्हानार."

मी त्याला समजावले, की हा तक्ता बाजारात काय किंमत येईल एवढेच विचारतो. जुने साचे विकत कोण घेणार? मी लिहिलेले एक अक्षरही खोटे नव्हते. परंतु त्याच तक्त्याच्या आधारे अहवालात पुढे ओळ आली : 'उत्पादनक्षम साधने शिल्लक नाहीत.' मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला. शेडचे भाडेही थकले होते. मालकाने सामान अंगणात काढले. प्लास्टर पाणी शोषते. एका आठवड्याच्या पावसात तीन पिढ्यांचे साचे भुसभुशीत झाले. तो मूर्तिकार मुंबईस दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात मजुरीवर गेला, असे मला पुढे कळले.

बँकेच्या दृष्टीने माझा अहवाल निर्दोष होता. मला शाबासकीही मिळाली. एक ओळ जादा लिहिली असती, 'साचे विक्रीयोग्य नसले तरी व्यवसायासाठी आवश्यक व सुस्थितीत', तर ती नियमात बसली असती. तक्त्याच्या तळाशी 'शेरा' नावाचा रकाना होता. मी तो कोरा सोडला होता. ॲम्स्टरडॅमच्या त्या कारकुनाने प्लास्टरचे नमुने लिहून ठेवले आणि साडेतीनशे वर्षांनी त्यावरून एक घर पुन्हा उभे राहिले. मी साचे मोजले आणि एक घर बसले.

बोट भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. गाडीत बसल्यावर ही हकीकत प्रथमच घरच्यांना सांगितली. सौ.लाही ती ठाऊक नव्हती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, मेजाला मी त्या दिवशी शून्यच लिहिलं होतं, नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या घराची यादी करावयास घेतली. नातवाने मोजपट्टी धरली. वस्तू, माप, खोली, आजची किंमत आणि पाचवा रकाना : ही कोणी वापरली, कशी वापरली. हा रकाना भरताना मला घरातील प्रत्येकाला विचारावे लागले, आणि माझी समजूत किती अपुरी होती हे कळले. जुन्या पितळी डब्याविषयी मी 'अडगळ' लिहिले होते, सौ.ने सांगितले, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या आईने तिला घरखर्चाचे पैसे त्यातूनच दिले, आणि हिशेब कधी विचारला नाही. उलट ज्या नक्षीदार काचेच्या कपाटाला मी प्राणपणाने जपत होतो, त्याच्या पाचव्या रकान्यात लिहिण्यासारखे कोणालाच काही आठवेना. ते आम्ही आनंदाने देऊन टाकले.

सारे काही ठेवता येत नाही, हे मला मान्य आहे. यादीत २१४ नोंदी झाल्या. नव्या घरात त्यांपैकी जेमतेम साठ जातील. काही वस्तू नातलगांकडे गेल्या, काही गरजूंना दिल्या, काही भंगारात गेल्या. परंतु काय देत आहोत हे जाणून आम्ही दिले. सूनबाई आता म्हणतात, की आराखडा काढण्याआधीच ही यादी हाती असती, तर त्यांचे महिन्याभराचे श्रम वाचले असते. खोली किती लांब-रुंद आहे हे मोजपट्टी सांगते. तिच्यात काय लागणार आहे हे मात्र माणसांनाच विचारावे लागते. आपल्या पुढील गिऱ्हाइकांकडूनही त्या आधी असा पाचवा रकाना भरून घेणार आहेत.

ज्या वाचकांच्या इमारती पुनर्विकासाला जाणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. सामान बांधणारी माणसे दारात येण्यापूर्वी किमान पंधरा दिवस यादी करावयास बसा. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान अशा दोघांना जवळ घ्या. आणि जमल्यास आराखडा ठरविण्याआधी एखाद्या कलावंताचे घर सहकुटुंब पाहून या. तेथून कोणतीही वस्तू विकत आणता येत नाही. त्यामुळे पाहण्याकडे लक्ष राहते.

मेजासाठी आता नव्या आराखड्यात पूर्वेच्या खिडकीखाली जागा आहे. उजेड बाजूने येईल अशी. त्याच्यापुढे गादी, मांडी घालून बसता येईल एवढी. माझे गुडघे मला तेथे किती दिवस बसू देतील, हे सांगता येत नाही. नातवाला मात्र ती उंची अगदी बेताची होते, असे मोजून पाहिले आहे. मेजाच्या पाचव्या रकान्यात मी लिहिले : 'वडील रोज रात्री दुकान बंद केल्यावर येथे बसत. गिऱ्हाइकाची उधारी लिहिताना त्याची अडचणही समासात लिहीत.' ही गोष्ट मला यादी करताना त्यांच्या जुन्या वह्या उघडल्यावर दिसली. कप्प्यात तीन वह्या होत्या. रकमेसमोर समासात बारीक अक्षरांत शेरे आहेत : मुलगी आजारी, बैल गेला, पाऊस नाही. कोणत्याही शिक्षणसंस्थेतून पदवी न घेतलेल्या माझ्या वडिलांनी तो रकाना स्वतःच आखून घेतला होता. मला तर तो छापील मिळाला होता.

३१ मार्चला आम्ही किल्ल्या दिल्या. मेज सध्या भाड्याच्या घरात, पलंगाबाहेर आहे.